बाळाचा श्वास : छप्पन्न खरा की बेचाळीस?

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात काम करणाऱ्या एका आशा स्वयंसेविकेचे पत्र आले आहे. त्यांच्या गावच्या शिवारात दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची टोळी उतरते आणि तळावरच्या कोप्यांमधील (मजुरांच्या झोपड्यांमधील) लहान मुलांची विचारपूसही त्यांच्याकडेच असते. डिसेंबरमध्ये एका सात महिन्यांच्या बाळाला खोकला आणि ताप होता. आईने बाळाला नुकतेच पाजून बाजूला घेतले होते. ताईंनी मोबाइल समोर धरून ३० सेकंद श्वास मोजले, ते २८ भरले, दुप्पट करून ५६ झाले. त्यांनी तापाचे औषध दिले आणि "न्यूमोनिया झालाय, आत्ताच्या आत्ता न्या" असे सांगून त्या कुटुंबाला चौदा किलोमीटरवरच्या रुग्णालयात पाठवले. तेथे डॉक्टरांनी ४२ मोजले, सर्दी आहे म्हणून सांगितले आणि घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी नवरा-बायकोच्या कोयत्याचा, म्हणजे जोडीच्या ऊसतोडीचा, खाडा पडला, मुकादम वाटेल ते बोलला आणि "या ताईला मोजताच येत नाही" अशी तळावर बोलवा झाली. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कोपीतील दहा महिन्यांच्या मुलीचे श्वास आधी ५१ आणि लगेच पुन्हा मोजल्यावर ४८ भरले. ताईंनी वहीत ४८ लिहिले आणि मुलीला पाठवले नाही. मुलगी बरी झाली; पण त्या रात्री आपल्याला झोप लागली नाही, असे ताई लिहितात. त्यांचे प्रश्न तीन आहेत. आपले मोजणे चुकते का, अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणे चालते का, आणि आकडा पन्नासच्या, म्हणजे या वयातल्या जलद श्वासाच्या मर्यादेच्या, आसपास आला की नेमके काय करावे.

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात तुम्ही लिहिले आहे, "डॉक्टरांनी ४२ मोजले, म्हणजे माझे ५६ चुकले." तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी मला या वाक्याकडे वळावेसे वाटते, कारण तळावरची बोलणी, वहीतले ४८ आणि न लागलेली झोप हे सगळे त्याच्यामागून आलेले आहे. बाळाचा श्वास म्हणजे बाळाची उंची नव्हे, की संध्याकाळी तळावर घेतलेले माप रात्री रुग्णालयात तसेच निघावे. रडताना, दूध ओढताना, अनोळखी माणूस अंगावर वाकलेला पाहून बावरताना बाळाचा श्वास वाढतो. तापात वाढतो आणि ताप उतरला की खाली येतो. झोपेत आणखी उतरतो. तुम्ही मोजले तेव्हा बाळ पाजून नुकतेच बाजूला झाले होते आणि अंगात ताप होता. त्यानंतर तुम्हीच दिलेले तापाचे औषध पोटात गेले, चौदा किलोमीटरचा रस्ता आईच्या कुशीत पार पडला, आणि मग डॉक्टरांनी ४२ मोजले. ही दोन वेगवेगळ्या मिनिटांची मोजणी आहे. त्यातली एक खरी आहे म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

मात्र तुमच्या ५६ वर माझा पूर्ण विश्वास आहे, असेही मी लिहिणार नाही. ज्या बाळाला आईने नुकतेच पाजून बाजूला घेतले आहे, त्याचा श्वास त्या क्षणी मोजायचा नसतो. पाच-दहा मिनिटे थांबायचे, बाळ शांत पडले किंवा झोपले की मग मोजायचे. जलद श्वासाच्या ज्या मर्यादा तुम्हाला प्रशिक्षणात पाठ करून घेतल्या आहेत, त्या शांत बाळासाठीच आहेत; रडणाऱ्या बाळाला त्या लावल्या तर निम्मा तळ रुग्णालयात न्यावा लागेल. नाक चोंदलेले असेल तर मऊ ओल्या कापडाने आधी ते साफ करून घ्यावे, म्हणजे नुसत्या चोंदलेल्या नाकाची धडपड श्वासाच्या आकड्यात मिसळत नाही. आणि बाळ शांत होतच नसेल, तर वहीत "रडत होते" असा शेरा लिहून थोड्या वेळाने पुन्हा जावे. रडण्यातला आकडा पुढे करून कोणालाही पाठवू नये, तसेच त्याच्या भरवशावर कोणाला घरीही ठेवू नये.

आता अर्ध्या मिनिटाचे. तुम्ही विचारले आहे की ते चालते का. माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच वहीत सापडेल. मागची पाने चाळून पाहा. ज्या ज्या दिवशी तुम्ही ३० सेकंद मोजून दुप्पट केले असेल, त्या दिवशीचा आकडा सम असेल. ४७, ४९, ५३ असा आकडा त्या रीतीने येऊच शकत नाही. ३० सेकंदांत २४ भरले तर ४८, म्हणजे घरी राहा. २५ भरले तर ५०, म्हणजे गाडी बोलवा. एका श्वासावर बाळाचा प्रवास ठरतो, आणि तो एक श्वास मोबाइलची वेळ सुरू होताना अर्धवट होता की पूर्ण, हे कोणालाच सांगता येत नाही. त्यातून बाळे घड्याळाच्या काट्यासारखी एकसारखी श्वास घेत नाहीत. पाच-सात श्वास भराभर येतात, मग जरा संथ होतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांत तर मध्येच काही सेकंदांची विश्रांती आणि नंतर झरझर श्वास, हा प्रकार निरोगी बाळातही दिसतो. भरभर श्वासांचे अर्धे मिनिट तुमच्या वाट्याला आले तर आकडा फुगतो, संथ अर्धे आले तर आकसतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेपासून आपल्या आशांच्या प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे पूर्ण ६० सेकंद सांगितलेले आहेत. दुसऱ्या मुलीच्या वेळी तुम्ही पूर्ण मिनिट मोजले असणार. पत्रात तसे लिहिलेले नाही, पण ५१ हा विषम आकडाच ते सांगतो. म्हणजे पहिल्या प्रसंगातून तुम्ही शिकला होता, आणि तरीही स्वतःला मोजता येत नाही असे समजून बसला आहात.

ही चूक माझ्याही हातून झालेली आहे. निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीत मी १५ सेकंद मोजून चारने गुणत असे. एका पहाटे आठ महिन्यांच्या बाळाच्या केसपेपरवर मी ४४ लिहिले. आमच्या वरिष्ठ बाई फेरीला आल्या, स्टूल ओढून खाटेजवळ बसल्या, हातातले घड्याळ काढून बाळाच्या उशाशी ठेवले आणि पूर्ण मिनिट काही न बोलता बाळाच्या पोटाकडे पाहत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "त्रेपन्न." आणि नंतर म्हणाल्या, "तू अकरा श्वास मोजलेस. बाकीचे तेहेतीस तू मोजले नाहीस, नुसते लिहिलेस." त्या बाळाला त्याच दिवशी ऑक्सिजन लावावा लागला. त्यानंतर इतक्या वर्षांत मी गुणाकार केलेला नाही.

पूर्ण मिनिट मोजायचे ठरवले तरी एक अडचण येते, जिच्याविषयी प्रशिक्षणात फारसे कोणी बोलत नाही, आणि ती खास आपल्या भाषेची आहे. ५० च्या वेगाने श्वास घेणारे बाळ एका श्वासाला सव्वा सेकंदही घेत नाही. तेवढ्या वेळात मनातल्या मनात "सत्तेचाळीस", "अठ्ठेचाळीस", "एकोणपन्नास" असे म्हणून पाहा. जीभ अडखळते, आकडा संपेपर्यंत पुढचा श्वास येऊन गेलेला असतो, आणि नेमक्या जिथे काटेकोरपणा हवा तिथे, चाळीस ते पन्नासच्या दरम्यान, मोजणी घसरते. माझा उपाय साधा आहे. कधीही दहाच्या पुढे मोजायचे नाही. एक ते दहा मोजले की डाव्या हाताचे एक बोट मिटायचे, पुन्हा एकपासून सुरू करायचे. मिनिट संपले तेव्हा चार बोटे मिटलेली आणि तोंडात सात असेल, तर सत्तेचाळीस. पाचही बोटे मिटली म्हणजे पन्नास झाले. सात महिन्यांच्या बाळासाठी मूठ पूर्ण मिटली की तुमचे उत्तर तुमच्या हातातच आहे.

ही युक्ती माझी म्हणून मी सांगत असले तरी तिचे मूळ आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी श्वास मोजण्याचे एक साधे साधन बनवले होते. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर श्वास जलद. शाळेची पायरी न चढलेल्या बायका त्यावर न्यूमोनियाची शंका बरोबर ओळखत. त्या कामाने तिथले बालमृत्यू कमी झाल्याचे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. "आशाताईला काय मोजता येते", असे जो मुकादम म्हणतो, त्याला यातले काही माहीत नसणार. पण तुम्हाला माहीत असावे म्हणून मी हे मुद्दाम लिहिले.

मोजायला बसावे कसे, हेही थोडे विस्ताराने सांगते, कारण कोपीतला अंधार आणि दवाखान्यातला उजेड यांत फार अंतर आहे. झबले आधी वर करून घ्यायचे आणि मग बाळ निवण्याची वाट पाहायची. निवलेल्या बाळाचे झबले वर करायला गेलात की ते पुन्हा जागे होते. बाळाला आईच्या मांडीवरच राहू द्यावे. विजेरी डोक्यावरून न मारता बाजूने, बाळाच्या कुशीच्या अंगाने धरावी. बाजूच्या उजेडात पोटाची सावली हलते आणि श्वास वेगळा दिसतो, वरच्या उजेडात सगळे सपाट दिसते. लहान बाळ पोटाने श्वास घेते, म्हणून बेंबीच्या वरची एखादी जागा निवडायची आणि मिनिटभर नजर तिथून हलवायची नाही. पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण हे सदर वाचणाऱ्या काही आया वर येणे एक आणि खाली जाणे दुसरे असे मोजून ऐंशी-नव्वदचा आकडा घेऊन धावत येतात, म्हणून लिहिले. शक्यतो हात लावू नये. गार हाताने बाळ दचकते.

वेळ स्वतः पाहू नये. डोळे एकदा घड्याळाकडे आणि एकदा पोटाकडे गेले की दर फेरीला एखादा श्वास निसटतो. काही आशांकडे टिकटिक करणारा टायमर असतो. तो ३० सेकंदांना एकदा आणि ६० सेकंदांना पुन्हा वाजतो, आणि पहिल्या आवाजाला अनेक जणी थांबतात. शिवाय सेकंदासेकंदाची टिकटिक कानावर पडत राहिली की मन नकळत श्वासाऐवजी टिकटिक मोजू लागते, विशेषतः श्वास साठच्या आसपास असताना. तो टायमर पदराखाली गुंडाळून ठेवावा, म्हणजे टिकटिक दबते; थांबायचे मात्र दुसऱ्या आवाजाला. मोबाइलवर एक मिनिटाचा गजर लावून तो बाळाच्या मोठ्या भावंडाच्या हातात दिला तरी चालते. मुले हे काम मन लावून करतात.

आणि ज्या मोबाइलवर तुम्ही अर्धे मिनिट मोजले, त्याचाच एक चांगला उपयोग आहे. आईची परवानगी घेऊन बाळाच्या उघड्या पोटाचा पूर्ण एक मिनिटाचा व्हिडिओ काढावा, चेहरा त्यात घेऊ नये. तो दोनदा पाहून मोजता येतो आणि डॉक्टरांना दाखवता येतो. त्या दिवशी असा व्हिडिओ तुम्ही आईसोबत दिला असता, तर डॉक्टरांनी तळावरचे मिनिट आणि त्यांच्या समोरचे मिनिट अशी दोन्ही पाहिली असती. काम झाले की तो पुसून टाकावा.

करोनाच्या काळात घरोघरी आलेली बोटाला लावायची यंत्रे यासाठी वापरू नका. ती मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेली आहेत, सात महिन्यांच्या बोटावर त्यांचा भरवसा नाही. आणि त्यावर जो शंभर-सव्वाशेचा दुसरा आकडा दिसतो तो नाडीचा असतो. तो श्वासाचा समजून घाबरलेले आई-बाबा मी दर हिवाळ्यात पाहते.

आता तुमच्या तिसऱ्या, आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नाकडे येते. ५१ आणि मग ४८. तुम्ही लिहिलेले ४८ खोटे नव्हते, ते तुम्ही खरोखर मोजले होते. तरी तुम्हाला झोप लागली नाही, याचे कारण तुम्हाला आतून ठाऊक आहे असे मला वाटते. एकच प्रश्न विचारते. पहिल्यांदाच ४८ आले असते, तर तुम्ही पुन्हा मोजले असते का? बहुधा नाही. ५१ ने गाडी, खाडा आणि मुकादम डोळ्यांसमोर उभे केले, म्हणून तुम्ही पुन्हा मोजले, आणि कमी आकडा आल्यावर थांबलात. नकोसा आकडा आला तरच पुन्हा मोजायचे अशी सवय लागली, तर हाताने कितीही बिनचूक मोजले तरी वही हळूहळू खालच्या बाजूला झुकत जाते. यात तुमच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही; एकदा भाजलेला माणूस असाच वागतो. म्हणून नियम आधी ठरवून ठेवा. आकडा मर्यादेच्या वर किंवा खाली तीन श्वासांच्या आत असेल, तर प्रत्येक वेळी, सोयीचा असो की गैरसोयीचा, दुसऱ्यांदा मोजायचे आणि दोन्ही आकडे लिहायचे. दोन्ही मर्यादेच्या एकाच बाजूला आले तर प्रश्न मिटला. एक वर आणि एक खाली आला, तर दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा मोजावे आणि त्या दहा मिनिटांत बाळाकडे नीट पाहावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मात्र ६० किंवा अधिक आले की दुसऱ्यांदा मोजण्याचा नियमच आहे, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले की थांबायचे नाही.

मर्यादा तुम्हाला पाठ आहेत, वाचकांसाठी लिहिते. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने पूर्ण ते एक वर्षाच्या आत ५० किंवा अधिक, एक वर्ष पूर्ण ते पाच वर्षांच्या आत ४० किंवा अधिक, म्हणजे श्वास जलद. बरोबर पन्नास आले तरी ते जलदच. यात तळावर एक फसगत होते, ती वयाची. अकरा महिन्यांच्या बाळाचे ४६ जलद नाहीत, तेरा महिन्यांच्या बाळाचे ४६ जलद आहेत. कोपीतली आई "वर्षाचं असंल" म्हणते आणि कार्ड गावी राहिलेले असते. तेव्हा "गेल्या वर्षीच्या दसऱ्याला टोळी निघाली तेव्हा हे मांडीवर होते की पोटात?" असे विचारावे. ऊसतोडीला निघणे आणि पाडव्याच्या सुमारास परतणे या दोन खुणा त्या बायका कधी चुकत नाहीत. श्वास मोजण्यात जितकी चूक होते, तितकीच चूक वयामुळेही होऊ शकते.

या मर्यादा आल्या कुठून, हे कळले तर तुमच्या मनावरचे ओझे थोडे उतरेल. एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप नाही, अशा ठिकाणी न्यूमोनियाची शंका कशी घ्यायची, या प्रश्नावर पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली श्वासाच्या वेगाचे महत्त्व मांडले. नंतर १९८८ साली आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी लहान बाळांसाठी ५० आणि वर्षावरील मुलांसाठी ४० अशी वयानुसार फोड सुचवली. खेड्यातल्या कार्यकर्तीच्या हातात देता येईल अशी ही चाळण आहे, आणि चाळणीची भोके मुद्दाम अशी ठेवली आहेत की न्यूमोनियाचे बाळ सहसा निसटू नये, भले त्यासोबत सर्दीची, दम्यासारख्या छातीची काही बाळेही अडकोत. तुम्ही पाठवलेल्या दहा बाळांपैकी काही बाळे साध्या सर्दीची निघणारच, हे गृहीत धरूनच ती बनवली आहे. ज्या आशाताईने पाठवलेले प्रत्येक बाळ न्यूमोनियाचेच निघते, तिच्या गावात न्यूमोनिया असूनही घरीच राहिलेली काही बाळे असणार, अशी मला भीती वाटते.

म्हणून पाठवताना शब्द बदला. तुम्ही "न्यूमोनिया झालाय" म्हणालात आणि डॉक्टर "सर्दी आहे" म्हणाले, तेव्हा आईच्या दृष्टीने तुमच्यापैकी एक जण चुकला. तुम्ही "श्वास जास्त भरतोय, डॉक्टरांनी एकदा छाती ऐकायला हवी" असे म्हणाला असतात, तर सर्दीचे निदान ऐकून ती निश्चिंत मनाने परतली असती. मोजताना आईलाही पोटाकडे पाहायला सांगा, बोटे मिटताना तिला दाखवा. आकडा तिच्यासमोर झाला तर तो तिचाही होतो. मुकादमाशी भांडण्यात अर्थ नाही, पण टोळी उतरते त्या आठवड्यातच गटप्रवर्तक (आशांच्या पर्यवेक्षक) किंवा आरोग्यसेविकेला सोबत घेऊन त्याला आणि टोळीला एकत्र सांगून ठेवावे की हिवाळ्यात तीन-चार बाळांना पाठवावे लागेल आणि त्यातले एखादेच गंभीर असेल. आधी सांगितलेली गोष्ट माणसे वेगळ्या मनाने ऐकतात. वर्षाच्या आतील आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात ने-आण करण्यासाठी १०२ ची गाडी मोफत असते, हेही त्याच बैठकीत सांगा. तळावरच्या माणसांना ही सोय फक्त बाळंतिणीसाठी आहे असे वाटते.

चिठ्ठीवर केवळ "श्वास ५४, न्यूमोनिया?" असे लिहू नका. असे लिहा : "वय ७ महिने पूर्ण. सायंकाळी ६.१० वा., आईच्या मांडीवर झोपेत, पूर्ण एक मिनिट, ५४, ६.२० वा. पुन्हा ५२. ताप आहे, औषध ६.२५ ला दिले. छाती आत जात नाही. दूध घेते." या चार ओळी वाचून कोणताही डॉक्टर त्याच्या ४२ कडे वेगळ्या नजरेने पाहील. तापाबद्दल आणखी एक. ताप आहे म्हणून आकड्यातून मनाने काही वजा करायचे नाही. औषध देऊन ताप उतरल्यावर पुन्हा मोजणे चांगले, पण ते गाडीची वाट पाहताना, गाडी बोलावण्याऐवजी नव्हे.

आणि काही वेळा मोजायला बसायचेच नाही. श्वास आत घेताना बाळाच्या बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ शांत असतानाही श्वासाला घरघर-सूं असा आवाज येत असेल, ते कण्हत असेल, ओठ निळसर झाले असतील, अंगावर पीतच नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटके आले असतील किंवा हलवूनही नीट जागे होत नसेल, तर आकड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. आपल्याकडे बायका "पोट उडतंय", "डबा झालाय" म्हणतात ते अनेकदा याच छाती ओढण्याला म्हणतात, त्यांचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. धापा टाकून दमलेल्या बाळाचा श्वास मंदावतो, आणि तेव्हा भरलेले ४० हे सुधारणेचे नसून धोक्याचे असतात. कुपोषित बाळाचा श्वास न्यूमोनियातही इतरांइतका वाढेलच असे नाही. तळावरच्या ज्या बाळाचा दंडघेर कमी भरला होता, त्याच्या बाबतीत ४७-४८ वर मी समाधान मानणार नाही. रात्र, तळ, हाडकुळे बाळ आणि सीमारेषेवरचा आकडा अशा चारही गोष्टी जुळल्या तर मी पाठवते.

घरी लहान बाळ असलेल्या वाचकांसाठी एवढेच, की बाळ ठणठणीत असताना त्याच्या झोपेतला श्वास दोन-तीनदा मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, म्हणजे आजारपणात तुलना करता येते. आजारात सकाळ-संध्याकाळ आणि बाळ वेगळे वाटले तर तेव्हा मोजावे. रात्रभर उशाशी बसून दर अर्ध्या तासाला मोजत राहिल्याने बाळाची आणि आईची झोप जाते. कोपीत किंवा स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना आणि शेजारच्या फडात पाचट जळत असताना बाळाला धुरातून बाहेर घेऊन बसावे. न्यूमोनियापासून बचाव करणारी न्यूमोकोकल लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते, आणि टोळीसोबत आलेल्या बाळाला ती इथल्या केंद्रातही देता येते.

ताई, त्या दहा महिन्यांच्या मुलीकडे एकदा जाऊन या. ती बरी आहे हे तुम्ही लिहिले आहे, पण आता ती निरोगी असताना तिचा झोपेतला श्वास मोजा आणि ५१ व ४८ च्या शेजारी लिहा. मग पुढच्या बैठकीनंतर तुमच्या गटप्रवर्तकांना तळावर घेऊन जा. एकाच बाळासमोर दोघींनी दोन बाजूंना बसावे, एकच गजर लावावा, एकाच मिनिटात मोजावे, आकडा एकमेकींना न सांगता आधी कागदावर लिहावा आणि मग कागद उलटावेत. पाच बाळांवर असे करून पाहा. दोन-तीन श्वासांचा फरक राहिला तर तो कोणाही दोन माणसांत राहतो. पाच-सहाचा राहिला तर कोणाची नजर हलली, कोणाचे बोट मिटायचे राहिले, ते तिथेच बसून शोधता येईल. ते पाच जोड-आकडे मला जरूर लिहून पाठवा.